जावयाला दिलेलं ऑफिस

मामांनी अधिक महिन्यात जावयाला ऑफिस दिलं. लोक चांदीचं निरांजन देतात, ताम्हन देतात, अगदीच ऐपत नसली तर तेहतीस अनारसे आणि वर एक टॉवेल. आमच्या मामांनी तीस वर्षांची प्रॅक्टिस दिली. जावयाने मागितली म्हणून दिली, आणि जावयाला नाही म्हणायचं नसतं म्हणून दिली. हा कायदा कुठल्या कलमात लिहिला आहे हे मी तेव्हा पुष्कळांना विचारलं. दाखवला कुणी नाही. पाळत मात्र सगळे होते.

ऑफिस उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये, टावर चौकाच्या अलीकडे, एका चष्म्याच्या दुकानावर. मामा व्यापाऱ्यांच्या वह्या तपासायचे, सेल टॅक्सची विवरणपत्रं भरायचे आणि कुणाला नोटीस आली की त्याच्या वतीने साहेबापुढे पेशीला, म्हणजे सुनावणीला, उभे राहायचे. गिऱ्हाइकं त्यांना ‘वकील साब’ म्हणत. ते वकील नव्हते. सी.ए.ही नव्हते. सी.ए. लोकांना जाहिरात करायची बंदी असते, मामांना नव्हती, आणि पुढे जो घोळ झाला तो या मोकळिकीमुळेच झाला.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. बी.कॉम. झालेली, पण खरं शिक्षण चळवळीची पत्रकं वाटून झालेलं. नळाचे दर वाढले, पत्रक. रेशन दुकानावर भावाचा फळा नाही, पत्रक. दिल्लीत नवं आर्थिक धोरण आलं, त्यावर तर आठवड्याला एक. देवास गेटच्या बस स्टँडवर उन्हात उभी राहून मी देशाचं भवितव्य लोकांच्या हातात द्यायची आणि लोक त्यात शेंगदाणे बांधून उज्जैन-देवास गाडीत चढायचे. शेवटी आई म्हणाली, "क्रांती झाली की तुला बोलावतील. तोवर मामाकडे जाऊन काही कामाचं शीक." तशी मी त्या ऑफिसात आले.

आल्यावर पहिल्या आठवड्यात मला कळलं की मामांचा काही दरच नाही. काम झालं की गिऱ्हाईक विचारायचं, "कितना हुआ वकील साब?" मामा छताच्या पंख्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "जो समझो." झालं. हे दोन शब्द म्हणजे आमचं दरपत्रक. मराठी माणसाला पैसे मागायची लाज वाटते आणि त्या लाजेला तो संस्कार म्हणतो. परिणाम काय? तेलघाणीवाला सेठ, ज्याच्या वह्यांवर मामांचे दोन-दोन महिने जायचे, तो समजायचा एक्कावन्न रुपये आणि अर्धा किलो पेढे. आणि देवास गेटच्या मागे पत्र्याच्या पेट्या ठोकणारा कारागीर, ज्याचं काम एका दुपारचं, तो समजायचा दोनशे एक. कमी दिलं तर काम बिघडेल या भीतीने. मामांना हे दिसत नव्हतं का? दिसत नसेल तर तीस वर्षं कसले हिशेब तपासले? आणि दिसत असेल तर आणखीच वाईट.

या पेटीवाल्याबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर बेतलं. पन्नाशीचा माणूस, नखांत कायम रंग. त्याच्या प्रत्येक पेटीच्या झाकणावर दोन गुलाब असायचे, स्वतः काढलेले, एक पुरता उमललेला, एक अर्धा. त्याच्याकडे सेल टॅक्सचा नोंदणी नंबर होता. दर वर्षी एका सरकारी वसतिगृहाला पेट्या लागायच्या, त्याचं टेंडर निघायचं, आणि ज्याचा नंबर चालू नाही त्याचा फॉर्म तिथला बाबू हातातसुद्धा घ्यायचा नाही. वर्षाच्या कमाईतला अर्धा भाग त्या एका पुरवठ्याचा. तो म्हणायचा, "बिटिया, नंबर है तो फैक्ट्री है। नंबर नी तो ठोका-पीटी।"

आणि मामांची एक सवय सांगायला हवी, कारण मला तिची किंमत ती गेल्यावर कळली. सरकारी खाकी पाकीट ऑफिसात आलं की मामा ते तिथल्या तिथे फोडायचे. कुणाचंही असो, सेठचं असो की पेटीवाल्याचं. टेबलावर पितळी सुरी असायची. उभ्याने फोडायचे, उभ्याने वाचायचे, आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहूनच खाली बसायचे. चहा आलेला असला तर चहा गार व्हायचा. मला वाटायचं, म्हातारपणाचा चाळा.

तर अधिक महिना. मामी सप्तसागराची, म्हणजे गावातल्या सात तलावांची, यात्रा करून पाय सुजवून आलेल्या, तरी जावयासाठी अनारसे तळलेले. माझी मामेबहीण नवऱ्याला घेऊन इंदूरहून आलेली. हे आमचे जीजाजी. सी.ए. होता होता राहिलेले, आणि म्हणून सी.ए.हून जास्त बोलणारे. त्यांचे पाय धुऊन झाले, पाटावर बसवलं. मामी म्हणाल्या, "जावईबापू, यंदा चांदीचं ताट बघून ठेवलंय. चालेल ना?"

जीजाजींनी अनारसा मोडून बघितला, जाळी पडली आहे का ते तपासलं आणि म्हणाले, "आई, चांदी घेऊन मी काय करू? द्यायचंच असेल तर बाबांनी मला ऑफिस द्यावं."

मामींच्या हातातली पळी कढीतच राहिली.

"तसं नाही हो," जीजाजी हसले. "मालक तेच. मला फक्त सिस्टिम लावू द्या. इंदूरमध्ये आता सगळं महिन्याच्या वर्गणीवर चाललंय. गिऱ्हाईक दर महिन्याला ठरलेली रक्कम भरतं आणि वर्षभराचं काम आपल्याकडे. एकेका कामाचे पैसे मागत बसणं हा भिकारपणा आहे, बाबा."

"मी मागतो कुठे?" मामा म्हणाले.

"तेच तर!"

मामेबहीण ताटातल्या कोशिंबिरीचा अभ्यास करत होती. मामांनी वर बघितलं. जेवणघरातही पंखा होताच. "आपण समजाल तसं," ते म्हणाले. म्हणजे जावयालाही त्यांनी तोच दर लावला.

आणि मी काय केलं? मी खूश झाले. ठरलेला दर, छापलेला, सगळ्यांना सारखा! मी तर रेशन दुकानापुढे याच मागणीसाठी घसा बसवला होता. मी म्हटलं, "छापून भिंतीवर लावणार असाल तर चांगलंच आहे की."

"बघा बाबा," जीजाजी म्हणाले, "मेहुणीबाईंना कळलं. क्रांतिकारक असूनसुद्धा."

जीजाजींनी सासरीच मुक्काम ठोकला आणि पंधरा दिवसांत इंदूरहून कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी कूलर आला. त्याच्यावर घालायला मामेबहिणीने पोपट विणलेलं आवरण आलं. त्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या. महाकालाच्या देवळात जेवढी शिस्त नव्हती तेवढी आमच्या ऑफिसात लागली. मामांचं टेबल मागच्या खिडकीशी गेलं. वर्गणीचे तीन वर्ग ठरले: रजत, स्वर्ण आणि हीरक. महिना पंचाहत्तर, अडीचशे आणि पाचशे. एवढ्या छोट्या ऑफिसात हिरे आणि सोनं. आणि आलेली टपाल ठेवायला तीन प्लास्टिकचे ट्रे: हीरकचा पांढरा, स्वर्णचा पिवळा, रजतचा राखाडी.

नियमही जीजाजींनीच केले. हीरकची टपाल त्याच दिवशी उघडायची. स्वर्णची शनिवारी. रजतची महिन्याच्या शेवटच्या शनिवारी.

मी विचारलं, "आणि नोटिशीतली तारीख त्याच्या आधीची असली तर?"

"मेहुणीबाई, रजतवाल्यांना कसल्या नोटिशी येणार? त्यांच्याकडे आहे काय घ्यायला?"

मी हसले. हे लिहायला नको वाटतं म्हणूनच लिहिते. ज्या मुलीने दवाखान्यातल्या पैसेवाल्यांच्या वेगळ्या रांगेविरुद्ध दोन पानी पत्रक लिहिलं होतं ती त्या तीन ट्रेसमोर उभी राहून हसली.

मग पत्रकाचा विषय निघाला. योजना लोकांना कळायला हवी, आणि घरात पत्रकवाली असताना बाहेर पैसे का द्या? मी बसले. मला ते काम येत होतं आणि आवडत होतं, हेच वाईट. दराचा विरोध करताना शब्द जुळवायचे तसेच दराच्या बाजूने जुळवले. हात तोच, शाई तीच. मुद्दे खाली बारीक अक्षरात आणि वर मोठ्या ठशात माझी ओळ:

‘लिफ़ाफ़ा हमें दीजिए, बेफ़िक्री आप लीजिए।’

जीजाजी म्हणाले, "वा! तुम्ही उगाच गरिबांसाठी वाया गेलात." मला राग यायला हवा होता. मी शाबासकी समजून घेतली.

बारीक अक्षरांत पेशीबद्दल काय छापायचं ते जीजाजींनी सांगितलं, मी लिहिलं: रजत वर्गात पेशीला हजर राहणं समाविष्ट नाही. राखाडी ट्रे कधी उघडतो हे मात्र कुठल्याच अक्षरात छापलं नव्हतं, ना मोठ्या ना बारीक.

पेटीवाल्याला मीच पटवलं. तो दर खेपेला दोनशे एक देऊन देऊन आणि घाबरून घाबरून थकलेला; मला वाटलं, पंचाहत्तरात याची सुटका होईल. त्याने पत्रक बोट फिरवत वाचलं, दोनदा.

"इसमें लिखा है लिफ़ाफ़ा दे दो। खोल के दूँ या बिना खोले?"

"जैसा आए वैसा," मी म्हटलं.

"मतलब डर भी तुम्हारे पास जमा?"

"हाँ काका, डर भी."

तो इतका मोकळा हसला की मला वाटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या एका पत्रकाचा कुणाला उपयोग झाला. त्याने पत्रकाची घडी करून पाकिटात ठेवली. शेंगदाणे बांधले नाहीत.

आता वर्गणी म्हटल्यावर जीजाजींना वाटलं होतं की लोक पैसे भरतील आणि घरी बसतील. इंदूरमध्ये बसत असतील. उज्जैनच्या माणसाने पैसे भरले की तो वसूल करायला येतो. तेलघाणीवाला सेठ हीरक झाला. सकाळी अकराला हजर. कूलरसमोर पाय पसरून पेपर वाचायचा, मग आमच्या फोनवरून रतलामला व्याह्यांशी अर्धा तास बोलायचा. भाच्याचे शाळेचे फॉर्म आमच्याकडून भरून घेतले. विजेच्या बिलाची तक्रार लिहून घेतली. एकदा होणाऱ्या जावयाची पत्रिका घेऊन आला, कॉम्प्युटर गुण जुळवतो का बघायला. कुणी हूं की चूं केलं की म्हणायचा, "अरे पैसा दिया है भाई। हीरक हैं अपन।" बाकीचे हीरक त्याच्याकडे बघून शिकले. जीजाजी सकाळपासून संध्याकाळपर्यंत हिऱ्यांना पैलू पाडत बसायचे.

मामा मागच्या खिडकीशी. त्यांचं काम म्हणजे जुन्या फायलींना नव्या रंगाची कव्हरं चढवणं. पितळी सुरी ड्रॉवरमध्ये गेली होती. येता-जाता ते राखाडी ट्रेपाशी थबकायचे. एकदा मी पाहिलं, त्यांचा हात एका पाकिटापर्यंत गेला आणि परत आला.

मी म्हटलं, "मामा, बघायचं असेल तर बघा ना."

"जावयाच्या कामात हात घालू नये गं. त्यांना अपमान वाटतो."

"आणि गिऱ्हाइकांचं काय?"

"ते काही होत नाही," मामा म्हणाले. आमच्या लोकांनी जेवढं म्हणून होऊ दिलंय ते सगळं याच वाक्याच्या आडून.

त्या महिन्यात पेटीवाल्याने एक पाकीट आणून दिलं. अभिमानाने दोन्ही बाजूंनी दाखवलं. "देख लो बिटिया, खोला नी है। जैसा आया वैसा।" मी ते माझ्या हाताने राखाडी ट्रेमध्ये टाकलं. काही दिवसांनी दुसरं आणलं. तेही.

शेवटचा शनिवार आला. त्या दिवशी राखाडी ट्रे उघडायचा नियम. पण सेठच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि सेठला पाहुण्यांची यादी कॉम्प्युटरवर हवी होती: आधी गावांप्रमाणे, मग नात्याप्रमाणे, मग कुणी मागच्या लग्नात किती आहेर दिला होता त्याप्रमाणे. जीजाजी दिवसभर तेच करत होते. प्रिंटर दाढदुखी झाल्यासारखा कण्हत होता आणि कागद फाटू नये म्हणून मी पलीकडून तो धरून उभी होते. देशाच्या आर्थिक धोरणाशी झुंजणारी मी, सेठच्या मावससासऱ्यांची नावं ओढत. राखाडी ट्रे कुणी उघडला नाही. मीही नाही. संध्याकाळी सेठने यादी बघून म्हटलं, "फूफाजी का नाम ऊपर चाहिए था." आतोबांचं नाव वर घेऊन पुन्हा काढली.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी पेटीवाला आला. कामाच्याच कपड्यांत, दंडावर रंग. हातात टेंडरचा फॉर्म. चेहऱ्यावर राग नव्हता, हेच मला अजून टोचतं. सरकारी बाबूची काही तरी चूक झाली आहे आणि आम्ही ती दुरुस्त करून देऊ, असा विश्वास होता.

"बिटिया, वो बाबू बोल रिया है नंबर बंद है मेरा। फॉर्म नी लिया। गलती होगी ना उसकी?"

मी राखाडी ट्रे उपडा केला. त्याची दोन्ही पाकिटं तळाशी होती. पहिल्यात नोटीस: तुमचा नंबर का रद्द करू नये, अमुक तारखेला वह्या घेऊन हजर राहा. ती तारीख केव्हाच होऊन गेली होती. दुसऱ्यात हुकूम: हजर न राहिल्यामुळे नंबर रद्द. मी मोठ्याने वाचलं.

तो म्हणाला, "पर मैं तो दोनों उसी दिन दे गया था। खोला भी नी।"

जीजाजी कूलरच्या खोलीतून बाहेर आले. अनवाणी. पत्रक हातात घेतलं, बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "देखिए, रजत में पेशी शामिल नहीं है। साफ छपा है। आज आप स्वर्ण ले लीजिए, तो आगे की पेशी हम देख लेंगे।"

आणि त्या माणसाने खिशात हात घातला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. नंबर गेला, टेंडरला आठ दिवस राहिले, आणि ज्यांनी घालवला त्यांनाच आणखी पैसे द्यायला त्याचा हात खिशात गेला होता, कारण आयुष्यभर असंच होत आलं होतं. मी म्हटलं, "काका, हाथ बाहर निकालो." आणि जीजाजींना जे बोलले ते इथे लिहीत नाही, त्यात व्याकरण नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "मेहुणीबाई, हे बस स्टँड नाही."

"बस स्टँड बरा. तिथे गाडी सुटली तर निदान भोंगा वाजतो."

तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मामा आले. माझ्या हातातून दोन्ही कागद घेतले आणि उभ्यानेच वाचले, पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत. मग म्हणाले, "जावईबापू, आपण जरा जेवून या."

सकाळचे साडेदहा वाजले होते. मामांच्या तोंडून जावयाला ‘चालते व्हा’ याहून स्पष्ट येणं शक्य नव्हतं, आणि सगळ्यांना ते कळलं. जीजाजी चपला घालून गेले.

मामांनी पेटीवाल्याला बसवलं, पाणी दिलं. मला म्हणाले, "लिहून घे." नंबर परत चालू करण्याचा अर्ज करता येत होता, पण गैरहजेरीचं सबळ कारण दाखवायला हवं होतं. मामांनी हिंदीत शपथपत्र सांगितलं, शब्द न शोधता: नोटीस पक्षकाराने त्याच दिवशी माझ्या कार्यालयात दिली. ती माझ्या कार्यालयात बंद पाकिटात पडून राहिली. कसूर माझा आहे, पक्षकाराचा नाही.

जीजाजी अर्ध्या तासात परत आले. जेवले नसावेत. मजकूर वाचून त्यांचा रंग उडाला. "बाबा, हे लेखी देणार? सेल टॅक्समध्ये हे लोक चहाबरोबर वाचतील. हीरकवाल्यांपैकी एक तरी थांबेल का? म्हणा ना, पोस्टात गहाळ झालं. सगळे तेच म्हणतात."

"पोस्टमनकडे सही आहे," मामा म्हणाले. "आणि तो कुणाचा जावई नाही, की त्याने चूक केली तरी चालेल."

तीस वर्षांत मामांनी केलेला हा एकच विनोद. कुणी हसलं नाही. मग ते माझ्याकडे वळले. "साहेब विचारेल, माणूस शहाणा असून सरकारी पाकीट न फोडता कसं देतो? तुझं पत्रक लाव सोबत."

"मामा, ते नको."

"का? छापताना बरं वाटलं होतं ना?"

पत्रक पेटीवाल्याने आपल्या पाकिटातून काढून दिलं. चौपदरी घडी, कडा मळलेल्या.

चौथ्या दिवशी पेशी होती. साहेब तरुण होता, चष्मा कपाळावर. त्याने शपथपत्र वाचलं, भुवया वर गेल्या. मग पत्रक उलगडलं आणि मोठ्याने वाचलं, "लिफ़ाफ़ा हमें दीजिए, बेफ़िक्री आप लीजिए." शेजारच्या टेबलावरच्या साहेबाला बोलावून पुन्हा वाचून दाखवलं. दोघं मनसोक्त हसले. पेटीवाला भिंतीला टेकून उभा. त्याला कळेना, हसण्यात भाग घ्यायचा की नाही.

"वाह वकील साब! आपके यहाँ कविता कौन लिखता है?"

मामा म्हणाले, "मेरी भानजी।"

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. "लिखती तो अच्छा है। लिफ़ाफ़े नहीं पढ़ती?"

साहेबाने पत्रकावर शिक्का मारला, नंबर घातला आणि ते फाइलीत टाचलं. माझं एवढं लिखाण झालं, पण सरकारने जपून ठेवलेलं तेवढंच.

नंबर परत चालू झाला. पण हुकुमाची नक्कल हातात यायला दहा दिवस गेले. टेंडर त्याच्या सहा दिवस आधी बंद झालं होतं. त्या वर्षी वसतिगृहाच्या पेट्या दुसऱ्या कुणी दिल्या, सपाट, बिनगुलाबाच्या. पेटीवाल्याने दोन कारागिरांना चार महिन्यांसाठी घरी बसवलं. त्यातला एक परत आलाच नाही, पिथमपूरच्या कारखान्यात लागला. हे मला पेटीवाल्याने सांगितलं नाही. मी विचारल्यावर कळलं. सेठच्या मुलीचं लग्न थाटात झालं. फूफाजी वर होते.

ऑफिस परत कसं घ्यायचं हा मामांपुढे मोठा प्रश्न होता. अधिक महिन्यात दिलेलं वाण परत मागत नाहीत. तो मामींनी सोडवला. चांदीचं ताट आणलं, वर सोन्याची साखळी ठेवली आणि म्हणाल्या, "जावईबापू, तेव्हा राहिलं होतं ते हे." जीजाजींनी ताट घेतलं, साखळी घेतली, कॉम्प्युटर घेतला, कूलरही घेतला आणि इंदूरला गेले. तिथे त्यांची योजना उत्तम चालली आहे असं ऐकते. वर्ग आता पाच आहेत म्हणे.

मी मामांना सांगितलं, जुनं ‘जो समझो’ परत चालू केलंत तर मी तुमच्याच जिन्यात उभी राहून तुमच्याविरुद्ध पत्रकं वाटेन. मामा दोन दिवस पंख्याकडे बघत राहिले. मग कबूल झाले: प्रत्येक कामाचा एक दर, सेठला तोच आणि पेटीवाल्याला तोच, भिंतीवर लावलेला.

फळा पेटीवाल्यानेच केला. मी त्याला काम द्यायला गेले तेव्हा मला वाटलं होतं, दार लावून घेईल. त्याने कागद घेतला, दर वाचले, दोन दर पुन्हा विचारून घेतले. आठ दिवसांनी पत्र्याचा फळा स्वतः खांद्यावरून घेऊन जिना चढला. निळी जमीन, पांढरी अक्षरं, दोन्ही कोपऱ्यांत गुलाब, एक उमललेला, एक अर्धा. खाली एक ओळ होती. ती मी दिलेल्या कागदावर नव्हती.

‘लिफ़ाफ़ा उसी दिन खुलेगा।’

मी म्हटलं, "काका, हे मी लिहिलं नव्हतं."

"मालूम है," तो म्हणाला. "तभी तो मैंने लिखा." मग खिशातून एक खाकी पाकीट काढलं. या वेळी ते त्याने स्वतः फोडून, वाचून आणलं होतं. माझ्या हातात दिलं आणि समोरच्या बाकावर नीट मांडी घालून बसला.

"पढ़ो बिटिया. ज़ोर से. आख़िर तक."

मामांनी मान वर केली नाही. फक्त ड्रॉवर उघडून पितळी सुरी टेबलावर ठेवली. मी उभ्याने वाचायला लागले.